लाभ, दोन, तीन

१

सकाळी सहाला श्रीमंत काकांनी जीपचा हॉर्न वाजवला, तेव्हा रणधीर बूट घालून दारात बसलेलाच होता. गेल्या वर्षी याच वेळी आई डबा घेऊन जीपपर्यंत आली होती. यंदा ती आत मोरीत भांडी घासत बसली. एकच तांब्या ती बराच वेळ घासत होती. पप्पा पुढं गेले. रणधीर त्यांच्या मागं गेला. जातो म्हणून कुणी आत ओरडून सांगितलं नाही.

पहाट आरोग्य मंडळाची ही दरवर्षीची मोहीम. मंडळ म्हणजे धाराशिवातली रिटायर माणसं. रोज पहाटे ट्रॅकसूट घालून मैदानाला चार फेऱ्या मारायच्या, आणि उरलेला दिवस लोकांच्या पोरांना नावं ठेवायची. येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावास्या, झाली की पुढच्या रविवारी या मंडळींनी वाशीच्या पलीकडचा पायलीचा डोंगर चढायचा, हा रिवाज. धान्य मोजायची पायली पालथी घातल्यासारखा दिसतो म्हणून त्याला पायली म्हणतात. दिसायला लहान, चढायला तीन तास. शेवटच्या टप्प्यात तर पायापेक्षा हातांचंच काम जास्त.

यंदाच्या मोहिमेला नाव दिलं होतं, ‘श्रद्धांजली पदभ्रमण’. फ्लेक्ससुद्धा छापला होता. त्यावर रणधीरच्या मोठ्या भावाचा, कृष्णराजचा फोटो. ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केल्यामुळं कान दोन्हीकडं पसरलेले. फोटोखाली कृष्णराजचं नाव, आणि त्याच्याखाली मंडळाच्या अध्यक्षांचं, सचिवांचं, सल्लागारांचं. त्यांच्या नावांची अक्षरं कृष्णराजच्या नावापेक्षा मोठी होती.

“धर रं. तुझ्याच भावाचा हाय, तूच न्यायचा वर,” म्हणत बलभीम गुरुजींनी फ्लेक्सची गुंडाळी त्याच्या मांडीवर टाकली. गुरुजी रिटायर हेडमास्तर. “काय म्हणतंय मग डिप्लोमा? आं, विसरलोच की. सोडलास न्हवं का.”

ते विसरले नव्हते. दर भेटीला ते असेच विसरायचे.

गेल्या वर्षी आठ जण चढले होते, त्यांत पप्पा आणि कृष्णराज; रणधीर नव्हता. चार वाजता खाली आले, जीपजवळ मोजणी झाली, आठ भरले. जीप धाराशिवात आली, चौकात सगळे पांगले. कृष्णा बहुतेक दोस्तांकडं गेला असेल म्हणून घरात कुणी वाट बघितली नाही. तो सापडला दुसऱ्या दिवशी दुपारी, पायथ्याच्या जरा वर, ओघळीत. पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले, रात्रभर जिवंत होता, पहाटे गेला. डाव्या बुटाचा तळ आधीपासूनच सुटलेला होता, चालताना फटक फटक वाजायचा. ‘आल्यावर चिकटवू,’ म्हणाला होता. सापडला तेव्हा तो तळ तसाच लोंबत होता.

पोलिसांनी फोन परत दिला, तो रणधीरनं चार्ज करून बघितला. शेवटचा कॉल पप्पांना. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. उचललेला. त्रेचाळीस सेकंद.

“खरखर होती नुसती,” पप्पा म्हणाले होते. “काय कळलं न्हाय.”

त्यावर मंडळाचं एकच उत्तर. आमी मोजून आणलं होतं. आठ भरले होते. मग पोरगं जीपमधनं उतरून परत डोंगरावर गेलं असंल, आजकालच्या पोरांचं काय सांगावं. पन्नास किलोमीटर. सुटलेल्या बुटानं.

रणधीरला वर्षभरात रडू आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर जीभ आपलीच असते पण दुसऱ्याची वाटते, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. त्याला आता एकच गोष्ट हवी होती. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर, त्याच डोंगरावर, तोंडानं म्हणावं, माझी मोजणी चुकली. एवढंच वाक्य. त्यासाठी तो आला होता.

२

अध्यक्ष म्हणजे शरणबसप्पा. सगळे आप्पा म्हणतात. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं आडत चालवलेला माणूस. धान्य मापानं मोजायचं तेव्हा मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन, असं. मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटे आले, मापं अडगळीत गेली, पण आप्पांच्या तोंडातला लाभ काही गेला नाही. ते सगळंच तसं मोजतात. गोळ्या, पायऱ्या, माणसं.

कृष्णाच्या तेराव्यालाही त्यांनी पंगत तशीच मोजली होती. रणधीर वाढायला उभा होता. आप्पांनी आधी हात आपल्या छातीला लावला, डोळे मिटून देवाच्या नावानं ‘लाभ’ म्हणाले, आणि पंगतीतल्या पहिल्या माणसाकडं बोट करून ‘दोन’. पंगत भरून एक पत्रावळ जास्तीची निघाली. बायका म्हणाल्या, राहू दे, त्याच्या नावाची. रणधीर हातात भाताचं पातेलं घेऊन तसाच उभा राहिला. त्याला त्या क्षणाला सगळं कळलं होतं.

म्हातारा लाभ देवाला म्हणतो आणि माणसं दोनपासून मोजतो. म्हणजे सात माणसं उभी केली की त्याचे आठ भरतात. कसलं गूढ नाही, काही नाही. एका म्हाताऱ्याच्या तोंडातली खोड. त्या खोडीपायी कृष्णा रात्रभर ओघळीत पडून राहिला.

पायथ्याला हातपंप आहे, त्याच्या शेजारी जीप लावली. पलीकडं माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. दर फेरीला हूप असा आवाज यायचा, मध्ये थांबायचा, पुन्हा हूप. जवळ कुणीतरी झोपल्यासारखा.

“चला, ओळीनं उभं ऱ्हावा,” आप्पा म्हणाले.

रणधीर पुढंच उभा राहिला. खिशात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. आप्पा आले. जड, गरम पंजा त्याच्या खांद्यावर पडला.

“लाभ.”

मग गुरुजींचा खांदा, “दोन.” पप्पा, “तीन.” श्रीमंत काका, चार. आप्पांची बायको शिवलीला काकू, पाच. सोनाली, म्हणजे रणधीरच्या आत्याची मुलगी, सहा. शेवटी आप्पांनी स्वतःच्या छातीला हात लावला. “सात. झालं, आयतु.” शेवटचा शब्द कानडीतला, अर्थ तोच.

बरोबर होतं. एकही चूक नाही. रणधीर थोडा ओशाळला, थोडा चिडला. सोनाली मागून हळूच म्हणाली, “काय रे, तोंड का पडलं? बरोबर मोजलं म्हणून?” तिला त्याचा अंदाज माहीत होता. तो फक्त तिलाच सांगितला होता.

“उतरताना बघ,” रणधीर म्हणाला. “दमल्यावर खोड बाहेर येती.”

३

पहिला तास गवताचा. कुसळं मोज्यांतून आत शिरत होती. दुसरा तास मुरमाचा, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. गुरुजी दर वळणावर थांबायचे आणि थांबण्याला निसर्गनिरीक्षण म्हणायचे. श्रीमंत काका एसटीतले रिटायर ड्रायव्हर, ते प्रत्येक चढाला गिअरचा आवाज काढायचे आणि स्वतःच हसायचे. गेल्या वर्षीही त्यांनी हेच केलं असणार. इथंच, याच दगडावर. पप्पा कुणाशीच बोलत नव्हते. ते समोरच्याच्या टाचांकडं बघून चालत होते.

रणधीर सगळ्यात मागं. बोरीच्या काट्यात त्याच्या शर्टाची डावी बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटली. रक्त आलं, पण दुखलं नाही. त्यानं बाही बघितली आणि चालत राहिला.

फटक.

तो थांबला. पुढचे सहाही जण चालत होते. मुरमाची करकर, गुरुजींचा दमा, काकूंच्या पिशवीतल्या डब्याचा खुळखुळाट. तो पुन्हा चालायला लागला.

फटक. फटक.

मागून. बारा-पंधरा पावलांवरून. त्यानं वळून बघितलं. वाट रिकामी होती, त्यांनी उडवलेली धूळ अजून खाली बसत होती. फ्लेक्सची गुंडाळी बॅगेवर आपटत असेल, असं त्यानं ठरवलं. गुंडाळी काढून हातात घेतली. पुढच्या चढाला आवाज आला नाही, तेव्हा त्याला बरं वाटलं. त्याच्या पुढच्या चढाला आला.

खडकाच्या टप्प्याआधी एक सपाट जागा आहे, तिथं सगळे बसले. आप्पा उठले. “खडक लागायच्या आत मोजून घेऊ.”

“आप्पा, हितं कोण पळून जातंय,” श्रीमंत काका म्हणाले.

“गप बसा हो. गेल्या साली पण मी हितं मोजलं होतं.”

ओळ झाली. रणधीर यावेळीही पहिला. त्यानं मोबाइल उघडच समोर धरला. आप्पा आले, पण त्याच्यासमोर थांबले नाहीत. त्याच्या डाव्या अंगाला हातभर जागा होती, तिथं थांबले. हात उचलला. तळवा खाली करून हवेत ठेवला.

“लाभ,” आप्पा म्हणाले.

मग तो हात रणधीरच्या खांद्यावर आला. “दोन.” गुरुजी, तीन. पप्पा, चार. असं करत आप्पांनी शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “आठ. भरले.”

रणधीरच्या कानात घण पडल्यासारखं झालं. सापडला. म्हातारा सापडला.

“आप्पा, आठ कसे?”

“आं?”

“तुम्ही आठ म्हणालात. आपण सात आहोत.”

“सातच म्हणालो की.”

“सातच म्हणाले रे,” शिवलीला काकू म्हणाल्या. “ऊन लागलंय लेकराला. पाणी द्या त्याला.”

“सोनाली, तू ऐकलंस ना?”

सोनाली बाटली तोंडाला लावून पीत होती. तिनं मान हलवली. “मी नाही बघितलं रे. वारं किती आहे.”

तो दगडामागं गेला आणि मोबाइलवर बघितलं. वाऱ्यानं आवाज पुरता खाल्ला होता. चित्र मात्र स्पष्ट होतं. आप्पांचा हात उचलला जातो, हवेत थांबतो. रणधीरनं ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. देवाला म्हणायचा लाभ छातीवर हात ठेवून म्हणतात. हा हात बाजूला गेला होता. बोटं किंचित आत वळली होती, आणि तळवा ठेवल्यावर अर्धा इंच खाली दबला होता, कापडाची घडी दबावी तसा.

हात रणधीरच्या खांद्यापेक्षा वर होता. चार बोटं वर. कृष्णा त्याच्यापेक्षा चार बोटं उंच होता.

वय झालं की हात कापतात, रणधीरनं स्वतःला सांगितलं, आणि मोबाइल खिशात घातला.

४

माथ्यावर एक तुटका सिमेंटचा खांब आहे आणि बाकी वारा. फ्लेक्स खांबाला बांधला. तो फडफडायला लागला, आणि कृष्णाचं ताणलेलं तोंड कधी फुगायचं, कधी आत जायचं. गुरुजींनी दोन मिनिटांचं मौन पाळायला लावलं आणि एका मिनिटात भाषण चालू केलं. तरुण पिढी, घाई, शिस्तीचा अभाव.

काकूंनी डबा उघडला. येळवशीचे उरलेले बाजरीचे उंडे. “एकवीस बांधलेत,” त्या म्हणाल्या. “तीन तीन घ्या, सात जणांचे बराबर.” डबा फिरला. शेवटी पप्पांपाशी आला, तेव्हा डब्यात फडकं उरलं होतं.

“कुणी जास्त घेतले गं बाई?” काकूंनी सगळ्यांच्या हातांकडं बघितलं. प्रत्येकाच्या हातात तीनच होते.

“मला भूक न्हाय,” पप्पा म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, घाईनं. रणधीरला वाटलं, पप्पांना आश्चर्य वाटलेलं नाही.

तो उभा राहिला. “आप्पा, तुम्हाला एक विचारायचंय. सगळ्यांसमोर.”

“इचार की.”

“गेल्या वर्षी खाली मोजताना तुम्ही लाभ कुणाला म्हणालात?”

वाऱ्यात फ्लेक्स दोनदा फडफडला.

“म्हणजे?”

“पहिला माणूस कोण होता? लाभ म्हणताना हात कुणाच्या खांद्यावर होता? का नुसतंच म्हणालात आणि दोनपासून मोजलंत? तेराव्याला पंगत तशीच मोजलीत तुम्ही. मी बघत होतो.”

“रणधीर,” गुरुजी म्हणाले, “मोठ्यांशी बोलायची ही रीत न्हवं.”

“गुरुजी, तुम्ही गणित शिकवायचा ना? सात माणसं दोनपासून मोजली तर किती होतात?”

“शिक्षण अर्धवट टाकल्यावर असंच होतं. उलटून बोलायला तेवढं येतं.”

आप्पांचा चेहरा लाल झाला होता. “चाळीस वर्षं मोजलं मी,” ते म्हणाले. “एका पायलीचा फरक कधी पडला न्हाय. लाभाला माझा हात खांद्यावरच होता. कृष्णराज पहिला उभा होता. ह्या हातानं धरला मी त्याला.” त्यांनी हात पुढं केला आणि स्वतःच त्याच्याकडं बघितलं. आवाज जरा खाली आला. “गार होता लई. घामानं गार पडलं असंल म्हणलं.”

“तो तेव्हा ओघळीत पडला होता.”

“मग मी कुणाला धरलं?”

हे ओरडून विचारलेलं नव्हतं. खरंच विचारलेलं होतं, आणि म्हणून रणधीरला जास्तच राग आला. चूक कबूल करायची सोडून ही माणसं तिला नवीन कपडे घालतात. तो पप्पांकडं वळला. “तुम्ही बोला ना. तुमचाच होता तो.”

पप्पांनी डबा पिशवीत ठेवला. पिशवीची गाठ मारली. सोडली, पुन्हा मारली.

“उतरायला लागू,” ते म्हणाले. “ऊन कलतंय.”

उतरताना रणधीरनं सोनालीला गाठलं. “मी शेवटच्या वळणाला मागं राहतो. जीपच्या वर तो काळा दगड आहे ना, त्याच्यामागं बसतो. म्हातारा मोजेल. माझ्याशिवाय त्याचे सात भरतील बघ. भरले की तू सगळ्यांना सांगायचं, मोजा परत. मग मी खाली येतो.”

“आणि सहाच भरले तर?”

“तर मी माफी मागतो. आप्पांचे पाय धरतो.”

“लहान लेकरासारखं करतोयस, रण्या.” तिनं त्याच्या फाटक्या बाहीकडं बघितलं, मग तोंडाकडं. “बरं. पण सांगितल्यावर लगेच ये. मला नाही आवडत हा डोंगर.”

५

काळ्या दगडापासून जीप साठ-सत्तर पावलांवर दिसत होती. रणधीर उकिडवा बसला. बॅग पाठीवरच होती. सहा जण हातपंपाशी पोचले. पंपाचा दांडा करकरला, काकूंनी तोंड धुतलं, श्रीमंत काकांनी बोनेटवर थाप मारली. कुणीही मागं वळून बघितलं नाही. सात जणांतला एक आला नाही, आणि बघा, कुणाला पत्ता नाही. त्याला याचं दुःख व्हायला हवं होतं. झालं नाही. त्याला फक्त आपण बरोबर आहोत असं वाटलं.

“चला, ओळ,” आप्पांचा आवाज आला. वारा पडला होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

ओळ झाली. जीपच्या आडोशाला पहिल्या माणसाची जागा दिसत नव्हती. आप्पांची पाठ दिसत होती फक्त, आणि त्यांचा उचललेला हात.

“लाभ.”

ते सरकले. “दोन.” गुरुजी. “तीन.” पप्पा. चार, पाच, सहा. सहाला सोनाली. मग आप्पांनी छातीवर हात ठेवला.

“सात. भरले. आयतु.”

रणधीरनं मूठ आवळली. आता सोनाली. बोल. सांग त्यांना.

सोनाली ओळीतून बाहेर आली. तिनं दगडाकडं बघितलं. तोंड उघडलं. मग ती थांबली आणि ओळीच्या पुढच्या टोकाकडं बघायला लागली, जिथं जीपचा आडोसा होता.

“अरे?” ती म्हणाली. “तू कधी आलास खाली?”

कुणीतरी काहीतरी उत्तर दिलं. ऐकू आलं नाही.

सोनाली हसली. सुटल्यासारखी हसली. “भित्रा कुठला. मला कामाला लावून स्वतःच आला की पुढं. आता धर बघू आप्पांचे पाय.”

“कशाला पाय?” आप्पा.

“काही नाही हो आप्पा. आमचं आपलं.”

रणधीर उभा राहिला. “सोनाले!” तो ओरडला. “पप्पा!”

आवाज निघाला होता. त्याच्या घशाला कळलं होतं, समोरच्या बोरीतून दोन व्हले उडाले होते. खाली कुणाची मान हलली नाही. पवनचक्कीचा हूप झाला, थांबला. जीपचं मागचं दार उघडलं. आडोशातून एक जण दारापाशी आला. पाठीला बॅग, रणधीरच्या पाठीवर होती तीच. आत चढण्यासाठी त्यानं डाव्या हातानं दाराची कड धरली. कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेली बाही खाली लोंबली.

चढताना तो जरासा थांबला. वर दगडाकडं मान वळवायला लागला.

रणधीरनं डोळे मिटले. का मिटले, ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. दार आपटलं तेव्हा उघडले. जीप वळत होती.

तो धावला. वाट सोडून, सरळ खाली. मुरूम पायाखालून निघाला, आभाळ एकदा खाली गेलं, आणि मग तो ओघळीत होता, पाठीवर. पायातून बारीक आवाज आला होता, वाळलेली तुराटी मोडावी तसा. त्यानं पायाकडं बघितलं. पाऊल भलत्याच दिशेला होतं. दुखत नव्हतं. वर्षभर काहीच दुखत नव्हतं, आता तरी का दुखावं.

जीपचा आवाज बारीक होत गेला.

६

मोबाइलला एक काडी रेंज होती. त्यानं पप्पांना लावला. स्क्रीनवर वेळ होती पाच वाजून आठ मिनिटं. रिंग वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

उचलला. इंजिनचा घरघराट. श्रीमंत काका कसलासा विनोद सांगत होते, काकू हसत होत्या.

“पप्पा, मी बोलतोय. मी डोंगरावरच राहिलोय, पाय मोडलाय. जीप फिरवा.”

घरघराट.

“पप्पा? येतंय का ऐकू?”

“येतंय,” पप्पा म्हणाले. तोंडावर हात धरल्यासारखा आवाज. खरखर अजिबात नव्हती. “कोण बोलतंय?”

“रणधीर. पप्पा, रणधीर बोलतोय.”

पप्पांचा श्वास ऐकू आला. आत जाणारा, बाहेर येणारा.

“रणधीर हाय हितं,” ते म्हणाले. “शेजारी बसलाय माझ्या.”

“तो मी नाही. पप्पा, त्याच्याकडं बघा. एकदा बघा फक्त.”

“न्हाय बघवत,” पप्पा म्हणाले. एवढ्या हळू की ते जीपमधल्या कुणालाच ऐकू गेलं नसणार. “गेल्या साली बी न्हाय बघवलं रे मला.”

“पप्पा—”

“मोजून झालंय आता,” ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

त्रेचाळीस सेकंद.

तो ते आकडे बघत राहिला. मग आईचं नाव काढलं आणि बटण दाबलं. रेंजची काडी गेली होती. हात उंच केला, डावीकडं नेला, उजवीकडं नेला. काडी आली नाही. आई आता भांडी घासून बसली असेल. चौकात कुणीतरी जीपमधून उतरेल, गर्दीत चालायला लागेल, आणि मंडळ सांगेल, आमी मोजून आणला होता. सात भरले होते.

सूर्य टेकडीमागं गेला. उजेड अजून होता, पण सावल्या गेल्या होत्या. पवनचक्की हूप म्हणायची, थांबायची. त्या थांबण्यात वरून आवाज आला.

फटक.

मग हूप.

फटक. फटक. मुरमावरून खाली येणारी पावलं. घाई नव्हती. एक पाय जरा ओढत टाकलेला. खडे घरंगळत येऊन त्याच्या बुटाला लागले. पावलं ओघळीच्या काठाला आली, आत उतरली, आणि त्याच्या डाव्या अंगाला थांबली. हातभर अंतरावर. कुणीतरी बसताना गुडघा वाजतो, तसा गुडघा वाजला.

रणधीरनं मान वळवली नाही. समोर खडक होता, खडकाला एक चीर होती, तो त्या चिरेकडं बघत राहिला. हे काय आहे ते त्याला विचारायचं नव्हतं. आपण किती आहोत, एवढंच त्याला हवं होतं.

त्यानं डावा हात उचलला. बाजूला नेला. आपल्या खांद्यापेक्षा चार बोटं वर.

“लाभ,” तो म्हणाला.

हात कापडावर टेकला. कापड गार होतं, रात्रभर दवात राहिलेलं. ते तळव्याखाली अर्धा इंच दबलं.

त्यानं दुसरा हात आपल्या छातीवर ठेवला.

“दोन.”